काटा काय म्हणते?

दयाराम ड्रायव्हरसारखा संशयी माणूस अख्ख्या मोताळा तालुक्यात नव्हता. दूध घेताना तो बोट बुडवून पाहायचा, घड्याळाची वेळ सावलीशी ताडून बघायचा, आणि उत्तमराव पाटलांच्या जीपमधलं पेट्रोल तर काडीशिवाय मानायचाच नाही. जीप लढाईतली, लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेली. टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली. रोज सकाळी सीट उचलायची, टाकीचं झाकण काढायचं, कडुनिंबाची काडी आत सोडायची आणि ओल कितव्या खाचेपर्यंत आली ते पाहायचं. समोर पेट्रोलचा काटा होता, पण त्याच्या काचेला असा तडा गेला होता की ड्रायव्हरच्या जागेवरून नुसती भेगच दिसे. बाजूला बसलेल्याला काटा बरोबर दिसायचा. "पण दुसऱ्याच्या डोयानं पाहून गाडी हाकलू काय मी?" असं दयाराम म्हणायचा.

असा माणूस पोटच्या पोरीवर तरी भरवसा कसा ठेवणार? अन्नपूर्णा त्या वर्षी मॅट्रिकला बसली होती. वडखेडातून मॅट्रिकला बसणारी ती पहिलीच मुलगी. तिची आई, मनकर्णा, नवऱ्याशी भांडभांड भांडली म्हणून पोर सातवीच्या पुढे गेली. दोन वर्षांपूर्वी मनकर्णा तापानं गेली आणि बापलेक दोघंच उरले. पोरीचा अभ्यास किती झाला, कुठवर आला, हे काडी घालून पाहायची सोय नाही, आणि दयारामचा जीव त्यापायी कावून गेला होता. शेवटी त्यानं निकाल देऊन टाकला. पास झाली तर पुढं शिक, नापास झाली तर वैशाखात लग्न. देऊळगावचं स्थळ तयारच होतं. पेपर चुकला तर काय, हे अन्नपूर्णानं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

साल एकसष्ट, मार्चचे दिवस. पहिला पेपर बुलढाण्याला, अकरा वाजता. अकराच्या ठोक्याला शाळेचं फाटक बंद, मग कलेक्टरची पोर आली तरी बाहेर. पाटलांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "दयाराम, उद्या गाडी तुह्या पोरीची. मले कुठं जायचं नाही." मोठ्या मनाचा माणूस. दोघं साडेसातला निघाले, म्हणजे वेळ हाताशी भरपूर होता. पण नाल्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. जॅक घसरला, पाना सापडेना. चाक बदलून मोताळ्यात पोचेपर्यंत पावणेदहा झाले. बुलढाण्याची सकाळची मोटार तर कधीच निघून गेली होती. पुढे पंधरा मैल, त्यात राजूरचा घाट.

मोताळ्यात आठवडी बाजार भरला होता. पेट्रोलच्या हातपंपाशी बैलगाड्यांची ही गर्दी. पंपावरचा वैजनाथ दांडा मारी, आणि वरच्या काचेच्या बरणीत पेट्रोल चढून मग नळीतून खाली येई. बरण्या नव्याकोऱ्या दिसत होत्या. दयारामनं सीट उचलून दिली आणि ओरडून सांगितलं, "वैजनाथ, दोन घाल. जल्दी कर, पोरीचा पेपर हाय." टाकीच्या तळाशी चूळभरच उरलं असेल, पण दोन गॅलनात बुलढाणा होऊन वर उरतं, हा त्याचा हिशेब पक्का. तेवढ्यात एका बैलगाडीनं जीपची वाट अडवली. दयाराम त्या गाडीवानाशी हुज्जत घालायला गेला, आणि परत आला तेव्हा वैजनाथ झाकण लावून दुसऱ्याचं पेट्रोल काढत होता.

आता सीट पुन्हा उचलायची, काडी घालायची, पुसायची. चारपाच मिनिटं जाणार. दयारामनं अन्नपूर्णाकडे पाहिलं. ती मांडीवर पुस्तक धरून बसली होती, आणि तिचे ओठ हलत होते, पण डोळे पुस्तकावर नव्हते, रस्त्यावर होते. आयुष्यात पहिल्यांदा तो काडी न घालता सीटवर बसला.

"बाई, काट्यावर नजर ठेव," तो म्हणाला. "काय म्हणते तो?"

"जराकसा उचलला, बाबा."

"मंग बस. दोन गॅलनात तो तेवढाच उचलते."

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी वाळून उभी होती. जीपमध्ये नेहमीसारखा पेट्रोलचा भपकारा होता. टाकीवरच बसायचं म्हटल्यावर तो कपड्यांत मुरायचाच. अन्नपूर्णा एक डोळा पुस्तकावर आणि एक काट्यावर ठेवून होती. राजूरच्या जवळ आल्यावर दयारामनं विचारलं, "काटा काय म्हणते?"

तिनं बोट घालून पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, वाढलं."

आवाज थोडा कापला तिचा. पेपरचा दिवस, कापणारच.

"चढ लागला ना," दयाराम समजावून म्हणाला. "चढावर टाकीतलं पेट्रोल मागं सरते, मंग काटा असंच काहीबाही दाखवते. त्याच्याकडं ध्यान देऊ नको. तू आपलं पुस्तक पाह्य."

"हाव," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम निवळला. मग मात्र तिनं खरोखरच पुस्तकात डोकं घातलं.

राजूर मागं पडलं आणि घाट सुरू झाला. सागाची पानं झडून रस्त्यावर पसरली होती, मधूनमधून पळस फुललेला. दयारामच्या नाकाला आधी कळलं. पेट्रोलचा वास येत नव्हता. त्यानं शर्टाची बाही हुंगली. बाहीलाही वास नव्हता. वाऱ्याची दिशा बदलली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि गिअर उतरवायला हात खाली नेला. पण गिअर उतरवायची गरजच पडली नाही. या वळणावर ही जीप रडायची, दुसऱ्यावरून पहिल्यावर आणावी लागायची, आज ती तिसऱ्यावरच चढत होती.

इंजिनचा आवाजही वेगळा होता. ठोके नाहीत, खोकला नाही, एकसारखी घरघर, जातं फिरावं तशी. पहाटे मनकर्णा दळायला बसे तेव्हा झोपेत हाच आवाज कानावर यायचा. दयारामला तो आवडला आणि त्याच वेळी मानेवर काटाही आला.

पुढच्या वळणावर एक म्हातारा बैलगाडी घेऊन रस्त्याच्या मधोमध चालला होता. जीप अगदी मागं गेली तरी तो वळेना. बैलांचे कानही हलले नाहीत. दयारामनं हॉर्न दाबला तेव्हा म्हातारा दचकून बाजूला झाला.

"आवाज नाही का देत रे गाडी?" म्हातारा म्हणाला. "कानानं चांगला हाय मी."

दयारामला हसायचं होतं, पण हसू आलं नाही.

चौथ्या वळणावर पाण्याचा थांबा. इथं जीपचं रेडिएटर उकळायचंच, चुकायचं नाही. दगडामागं त्यानं एक डबा कायमचा ठेवला होता. त्यानं इंजिन चालूच ठेवलं, उतरून बॉनेट उचललं, आणि चिंधी गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. चिंधीची गरज नव्हती. झाकण गार होतं. त्यानं आत बोट घातलं. पाणी माठातल्यासारखं थंड.

पंखा फिरत होता. इंजिन हलत होतं. त्यावर हात ठेवावासा त्याला वाटला, आणि ठेववला नाही.

"बाबा, चला ना," अन्नपूर्णा आतून म्हणाली. "साडेदहा होऊन गेले असतील."

तो परत बसला. त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काटा काय म्हणते?"

"आता तर पूर्णच वाढलं."

"पूर्ण?"

"हाव. पण तुम्ही म्हणले ना, ध्यान देऊ नको म्हून."



घाट संपला. थंड वारा लागला. बुलढाण्याची पहिली घरं दिसली.

शाळेच्या फाटकाशी ते पोचले तेव्हा अकराला पाच कमी होते. शिपाई फाटकाला हात लावून उभाच होता. अन्नपूर्णानं उडी मारली आणि ती धावत सुटली, वेणी पाठीवर उडते आहे, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. फाटकातून आत गेली. दयारामच्या डोळ्यांत पाणी आलं. मनकर्णा असती तर आज तिनं साऱ्या गल्लीला सांगितलं असतं, असं त्याला वाटलं.

त्यानं किल्ली फिरवली. घरघर थांबली.

मग तो उतरला. सीट उचलली. झाकण काढलं. काडी आत सोडली, तळाला टेकवली, वर काढली.

कोरडी.

त्यानं ती पालथी करून पुन्हा घातली. कोरडी. गालाला लावून पाहिली. ओल नाही, गारवा नाही. जीपखाली वाकून पाहिलं, कुठं थेंब नाही. बॉनेट उचलून पेट्रोल गाळायची काचेची वाटी सोडवली. पुसून ठेवल्यासारखी लख्ख.

मग जीपमधला पेट्रोलचा डबा घेऊन तो चालत बुलढाण्याच्या पंपावर गेला आणि म्हणाला, "दोन द्या."

"लिटर ना?" पंपवाला म्हणाला. "आता गॅलन गेलं, भाऊ. सगळीकडं बरण्या बदलल्या."

वैजनाथच्या नव्याकोऱ्या बरण्या दयारामच्या डोळ्यांपुढं आल्या. पंधरा दिवस तो पंपाकडे फिरकला नव्हता. वैजनाथनं दोन लिटर घातलं होतं, आणि दोन लिटर म्हणजे अर्धा गॅलनसुद्धा नाही. दयाराम हिशेबाचा पक्का. या जीपला एवढ्यात पाचसहा मैल. राजूर. फार तर घाटाचा पायथा. पुढं घाट, आणि घाटाच्या पुढं बुलढाणा. त्यानं तीनदा हिशेब केला आणि तीनदा गाडी राजूरलाच थांबली. मग हा हिशेब आपल्याच्यानं होणार नाही, हे त्यानं मान्य केलं. असं त्यानं आजवर कशाच्याच बाबतीत मान्य केलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याला खात होती. पोर तर म्हणत होती, वाढलं.

दोन वाजता पोरं बाहेर पडली. अन्नपूर्णा आली ती थकलेली, पण चेहरा उजळलेला. दयारामनं पेपरचं विचारलंच नाही.

"बाई, घाटात काटा वर जाऊन राह्यला होता का?"

"वर?" ती बुचकळ्यात पडली. "नाही हो बाबा. राजूरच्या आधीच टेकायले आला होता तो. घाटात तर पार खाली टेकला."

"मंग तू वाढलं काऊन म्हणलं?"

"तसंच म्हणायचं नं? आईनं शिकवलं मले. पीठ असो, मीठ असो, तेल असो, संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. पेपरले जाता जाता तोंडानं संपलं म्हणू काय मी?"

वीस वर्षं दयारामनं तो शब्द घरात ऐकला होता. मनकर्णा चुलीपासून म्हणायची, पीठ वाढलं हो, आणि तो मुकाट्यानं पिशवी उचलायचा. चुलीपाशी तो शब्द त्याला बरोबर कळत होता.

"मंग तुले भेव नाही वाटलं?"

"वाटलं होतं. पण तुम्ही म्हणले, त्याच्याकडं ध्यान देऊ नको. मले वाटलं, तुम्हाले ठाऊक आहे." तिनं वर पाहिलं. "तुम्हाले ठाऊक होतं ना, बाबा?"

दयारामनं काडी सीटखाली ठेवून दिली. पोरगी आपल्या शब्दावर निर्धास्त बसून आली, आपण तिच्या शब्दावर, आणि टाकीत थेंब नव्हता. त्याला भीती वाटली, आणि भीतीच्या तळाशी कधी नव्हे एवढं बरंही वाटलं.

"देऊळगाववाल्यायले मी कळवून देतो," तो म्हणाला. "पास हो का नापास हो, तू शिकशील."

अन्नपूर्णा त्याच्याकडे पाहतच राहिली. मग पदरानं डोळे पुसले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, एक सांगू? हसाल नाही ना?"

"सांग."

"तिसऱ्या प्रश्नाले माह्या पेनातली शाई वाढली."

"मंग? कोणाचा मागतला?"

"मागू कसा? मास्तर बोलू देईनात. मी मनातसुद्धा संपली म्हणलं नाही. लिवत राह्यली." तिनं पेन पुढं धरला. "सारे प्रश्न लिवले, बाबा. दोन पुरवण्या लागल्या."

दयारामनं तिच्या हातातला पेन घेतला. पोट फिरवून उघडलं आणि उन्हात धरलं. आत काही नव्हतं. निब तळहातावर दाबून ओढली, तर नुसता पांढरा ओरखडा उठला.

मग त्यानं पोरीचा उजवा हात आपल्या हातात घेतला. मधल्या बोटाला शाई लागलेली होती. त्यानं अंगठ्यानं पुसून पाहिली. ती अजून ओली होती.