बाबांच्या तळहाताचा फॉन्ट

जाड, ठसठशीत आणि अंगभर ओरखडे असलेली अक्षरं हल्ली सगळ्यांनाच हवी असतात. कॉफीचं पाकीट असो की व्यायामशाळेची भिंत, कालचं दुकानसुद्धा शंभर वर्षं जुनं दिसायला हवं. ती अशाच अक्षरांचे फॉन्ट बनवायची, आणि तिचा राग एकाच गोष्टीवर होता, की सगळ्यांचे ओरखडे खोटे. कुणी भिंतीचा फोटो वापरतो, कुणी चुरगळलेला कागद.

म्हणून तिनं बाबांचा हात मागितला. बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. तळहातावर भेगांचं नुसतं जाळं.

"म्हातारपणी हाताला भाव आला म्हणायचा," असं म्हणत बाबांनी शाईनं माखलेला पंजा कागदावर दाबला. त्या भेगा तिनं अक्षरांत उतरवल्या. फॉन्ट धडाक्यात खपला.

महिन्याभरात बाबांचा फोन अंगठ्यानं उघडेना. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं. पण भेगाही बुजत चालल्या होत्या. मग हातातून चमचा सुटायला लागला, ब्रश सुटायला लागला.

"धरलंय असं वाटतच नाही गं," बाबा म्हणाले.

तिनं फॉन्टची फाइल उघडली. अक्षरांत तिनं न काढलेल्या रेघा होत्या. तीन आडव्या, कपाळावर असतात तशा. काही बारीक, डोळ्यांच्या कडेच्या. ती उठून बाबांच्या खोलीत गेली. त्यांच्या चेहऱ्यावर त्या जागी आता काहीच नव्हतं.

"काय टवटवीत दिसतायत गं बाबा!" शेजारीण म्हणाली. "खायला घालतेस तरी काय?"

तिनं फॉन्टची विक्री बंद केली. पण विकला गेलेला परत कसा यायचा? समोरच्या भिंतीवर त्याच अक्षरांतलं भलंमोठं पोस्टर लागलं, त्या दिवशी बाबांनी तिला अदबीनं विचारलं, "आपण कुठे भेटलोय का?"

ती दुपारभर रडली. मग डोळे पुसून स्वतःचा तळहात शाईनं माखला, बाबांच्या भेगांच्या जागी आपल्या रेघा बसवल्या आणि फॉन्ट घेतलेल्या प्रत्येकाला कळवलं: सुधारित आवृत्ती, फुकट. जुनी काढून टाका.

आपण काय करतोय, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी बाबांनी चहाचा कप एका हातानं उचलला.

"ठमे, साखर विसरलीस."

तिच्या लहानपणचं नाव. ती त्यांच्या पायाशीच बसली आणि हमसून हमसून रडली. बाबांनी तिचा हात हातात घेतला.

"हात किती मऊ झालाय गं तुझा."

"हल्ली काम कमी असतं," ती म्हणाली.

बाबा त्या हातावर खरखरीत अंगठा फिरवत राहिले. तिच्या फोनवर निरोप येत होते. नवी आवृत्ती फारच छान. लगेच वापरतोय. सगळीकडे वापरतोय.

"अगं ठमे, रडतेस काय?"

तिनं मान वर केली. समोरचे आजोबा फार प्रेमळ वाटले, म्हणून ठमी कोण, हे तिनं विचारलं नाही.