निळ्या दाराचं घर

गुंडोअण्णा कोथिंबीर घेऊन दहाव्या मजल्यावर परतले, तेव्हा त्यांचा मुलगा रविकिरण टीव्हीवर घर बघत होता. फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यातलं. दगडी भिंती, उतरतं कौलारू छप्पर, निळं दार. तिथली दलाल बाई मोबाइल हातात धरून चालत होती आणि ते इथे, बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये, भिंतभर दिसत होतं.

ते घर घ्यायचं आणि वडिलांना घेऊन तिकडेच राहायचं, हे रविकिरणनं ठरवून टाकलं होतं. गुंडोअण्णांनी एकदाच सांगितलं होतं, मी हलणार नाही. के. आर. पुरमचं त्यांचं बैठं घर इमारतीसाठी पाडलं, तेव्हा शेवटपर्यंत ते उंबऱ्यावर बसून होते.

दलाल बाईनं दार उघडलं. आत काळोख. गुंडोअण्णांच्या तोंडून सवयीनं निघालं, "येऊ का आत?"

सून अनुषा स्वयंपाकघरातून हसली. "मामा, तिला मराठी कुठलं कळतंय?"

आत माणूस उभा राहील एवढी मोठी चूल होती. तिच्यापुढे दोन खुर्च्या. एकीत काळ्या झग्यातली म्हातारी, पायांत लाकडी जोडे, मान खाली घालून सफरचंद सोलत होती. दलाल बाई तिच्याकडे न बघता बोलतच राहिली. म्हातारीनं मान वर केली आणि थेट गुंडोअण्णांकडे पाहिलं.

नजरेला नजर भिडली की दोन शब्द बोलावेत. गुंडोअण्णा म्हणाले, "या एकदा आमच्याकडे."

म्हातारीनं मान डोलावली.

फोन संपल्यावर त्यांनी विचारलं, घर विकल्यावर ती बाई कुठं जाणार? रविकिरणला बाई दिसलीच नव्हती. मालकीण वारल्यापासून घर बंदच होतं म्हणे.

"अप्पा, स्वल्प पडा जरा, दमलात तुम्ही."

"बसल्या माणसाचं घर घेऊ नये, रवी."

रविकिरणनं घेतलं.

व्यवहार पुरा झाला त्या दुपारी गुंडोअण्णा फ्लॅटमध्ये एकटेच होते. आधी वास आला. ओल्या लाकडाच्या धुराचा. मग बाहेर फरशीवर आवाज... टक्... टक्... दारापाशी येऊन थांबला. बेल वाजली नाही. बायकी आवाजात कोणी काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, विचारणं कळलं.

बोलावलं आपणच होतं. नाही कसं म्हणायचं?

"या..." ते म्हणाले आणि दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. पण धुराचा वास त्यांच्या अंगाला घासून आत गेला. समोरची खुर्ची करकरली.

ते तिच्यासमोर बसून राहिले. आपली काळी घोंगडी अंगावर ओढून घेतली, पण उठले नाहीत. पाहुण्याला एकटं सोडू नये. ऊन उतरलं तेव्हा तोच आवाज दाराशी थबकला, पुन्हा काही बोलला. परतभेटीचं बोलावणं कुठल्याही भाषेत ओळखू येतं. गुंडोअण्णांनी मान डोलावली. मग डोळे कधी मिटले, कळलं नाही.

दिवेलागणीला अनुषानं जागं केलं. तिच्या हातात सफरचंदाची लांबलचक साल होती. "मामा, सफरचंद कुठून आणलं? घरात तर नव्हतं."

त्यांना थंडी वाजत होती. अंगावरची घोंगडी त्यांनी चाचपली. नव्हती.

रविकिरण खुशीत टीव्हीकडे बोट दाखवत होता. दलाल बाईनं आत्ताच घराचा फोटो पाठवला होता. "बघा अप्पा. आता तरी चला."

फोटोत चूल पेटलेली होती. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. एकीवर काळी घोंगडी पडली होती, कोणी आत्ताच अंगावरून काढल्यासारखी.

गुंडोअण्णांनी पाय वर घेतले. दोन्ही तळवे राखेनं माखले होते. राख अजून गरम होती.