सहावं पुडकं

मुंगीच्या आईचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या दातांत जायचा. घरामागच्या गल्लीत तिची दोन खोल्यांची लॅब होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवत, ती त्यांत प्लास्टर ओतून साचे काढी आणि साच्यांवरून कवळ्या करी. फळीवर ओळीनं मांडलेली पांढरी तोंडं पाहून नवखं माणूस दचके. ती मात्र त्यांच्याशी गप्पा मारत काम करी. दात खोटं बोलत नाहीत असं तिचं ठाम मत होतं. खोटं बोलते ती जीभ.

अशा बाईला सासरही नेमकं शोभेसं मिळालं. त्या घरात भेटवस्तू कुणी दिली हे दातांवरून ओळखायची पद्धत होती.

पद्धत अशी. मूल सात वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वाढदिवसाला दुकानातली वस्तू द्यायची नाही. घरातल्या प्रत्येकानं आपल्या हातानं एक वस्तू करायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची, पांढऱ्या दोऱ्यानं बांधायची, गाठीवर मधमाशीच्या मेणाची गोळी दाबायची आणि ती चावायची. नाव लिहायचं नाही. कुणा पणजोबांना म्हणे लिहिता येत नव्हतं, त्यांनी काढलेली ही युक्ती. आदल्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीत वेताची टोपली ठेवली जाई आणि ज्यानं त्यानं इतरांचा डोळा चुकवून आपलं पुडकं तीत सोडायचं. सकाळी मुलानं ठसा पाहून ओळखायचं. बरोबर आलं, तर करणाऱ्यानं त्याला पाठुंगळी घेऊन घरभर फिरवायचं. चुकलं, तर मुलानं गाणं म्हणायचं.

घरात करणारी माणसं पाच. सासरे टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना वर एक आणि खाली दोन दात उरले होते आणि कवळी लावायला साफ नकार होता. त्यामुळे त्यांचा ठसा आंधळ्यालाही ओळखू आला असता. सासूबाईंची कवळी सुनेनंच केलेली, एकसारखी, देखणी. नणंद शाळेत खेळ शिकवायची, तिच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि तारा दातांनी सोलून त्यानं एका सुळ्याचा तुकडा उडवला होता. पाचवी ती स्वतः.

मुलीचा पहिला वाढदिवस आला. टोपलीत पुडकी सहा निघाली.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे एक जास्त निघतंच," नवरा म्हणाला. "माझ्या टोपलीतही असायचं. ताईच्याही." यंत्र उघडून पुन्हा बसवल्यावर एखादा स्क्रू उरावा, तशा सुरात तो बोलत होता.

तिला वाटलं, सासूबाईच दोन करत असतील. पण ठसा त्यांच्या कवळीचा नव्हता. कवळी तिच्या हातची होती, ती फसणं शक्य नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिनं सहाव्या पुडक्याच्या मेणात प्लास्टर ओतून साचा काढला आणि भिंगाखाली धरला. खरे दात होते. बाईमाणसाचे असावेत. कडा पार झिजलेल्या, म्हणजे वय सत्तरीचं तरी. वरचा पुढचा उजवा दात किंचित आत वळलेला. घरातल्या कुणाचा नव्हता, शेजारणींपैकीही कुणाचा नव्हता. त्यासाठी तिनं महिनाभर शेजारणींना विनाकारण हसवून पाहिलं होतं.

मुलगी मोठी होत होती. हातात येईल ते उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. तिसऱ्या वाढदिवसाला तिनं पटापट पाच जणांना ओळखलं, पाच वेळा पाठुंगळी बसून घर पालथं घातलं आणि सहाव्या पुडक्यावरून बोट फिरवून म्हणाली, "हे मी केलं."

सगळे पोट धरून हसले. आजोबांनी उत्तर चूक ठरवलं आणि तिला गाणं म्हणायला लावलं. मुंगीनं गाणं म्हटलं, पण आपलं म्हणणं सोडलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. "मीच केलं," आणि मग गाणं.

त्या चौथ्या वर्षी सासूबाईंनी निळ्या कापडावर पिवळे ठिपके असलेला फ्रॉक शिवला होता. घेर भरपूर ठेवला, सगळं कापड लागलं, चिंधीसुद्धा उरली नाही, असं त्या कौतुकानं सांगत होत्या. सहाव्या पुडक्यात एक बटवा निघाला. त्याच निळ्या कापडाचा, त्याच पिवळ्या ठिपक्यांचा. फक्त तो विटलेला होता, धुऊन धुऊन मऊ पडलेला, घड्यांवर विरलेला. मुंगीच्या आईनं कोराकरकरीत फ्रॉक आतून बाहेरून पाहिला. कुठेही कात्री लागलेली नव्हती.

"सारखं कापड मिळतं हो बाजारात," नणंद म्हणाली. मुंगी तोवर बटव्यात सासऱ्यांचा चष्मा घालून पसार झाली होती.

मुंगी जोरात पळायची नाही, हे तिच्या आईनं आधीच हेरलं होतं. जिना चढताना ती मध्येच बसे आणि तिचे ओठ जांभळे पडत. पाच वर्षं झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाला जन्मापासून छिद्र आहे, सहा वर्षं पूर्ण झाली की ऑपरेशन करू. धोका किती, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.  घरी येताना मुंगी आईबाबांचे हात धरून मध्ये झोके घेत होती.

त्या आठवड्यात कधीतरी दुपारी भाजी निवडताना सासूबाई म्हणाल्या, "तुला एक सांगू? मला तीन मुलं होती."

हे तिला माहीत होतं. धाकटा लहानपणीच गेला, एवढंच माहीत होतं.

"त्याच्या टोपलीतही तीन वर्षं जास्तीचं पुडकं आलं. चौथ्या वर्षी मी मोजली, तर नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी तेवढी घर शोधत फिरले." त्यांनी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. "चार महिन्यांनी गेला."

"आई, तो योगायोग असेल."

"असेल ना. मी कुठं काय म्हणतेय."

सहावा वाढदिवस आला. ही मुंगीची शेवटची टोपली होती. सात वर्षं पूर्ण झाल्यावर मूल टोपलीपुढून उठून करणाऱ्यांत बसे. ऑपरेशन आठ दिवसांवर होतं. घरानं ठरवून टाकलं होतं की आज कुणी तोंड पाडायचं नाही. नणंदेनं कागदी साखळ्यांनी दिवा इतका झाकला, की तो लावला काय आणि नाही काय. सासरे सकाळपासून पाठ शेकत बसले होते, पाठुंगळीची तयारी म्हणून.

आई उजाडताच बैठकीच्या खोलीत आली आणि तिनं टोपलीवरचं फडकं उचललं.

पाच पुडकी होती.

तिनं टोपली हलवली. टेबलाखाली, पडद्यामागे पाहिलं. पुन्हा मोजली, एकेक बाजूला काढून. पाच.  ती शास्त्र शिकलेली बाई होती. हृदयाचं छिद्र कागदाच्या पुडक्यानं बुजत नाही, हे तिला कळत होतं. तरी तिनं टोपली उलटी करून पुन्हा झटकली.

आणि थोड्या वेळात सासूबाई अंघोळ करून येणार होत्या. मोजणार होत्या.

ती मागच्या दारानं लॅबमध्ये पळाली. कामाचा जुना पांढरा एप्रन कापून तिनं भराभर ससा शिवला. पोटात ठासून कापूस भरला. कान लहानमोठे झाले. कागद, दोरा, मेण. मग ती फळीपुढे उभी राहिली. त्या अनोळखी दातांचे साचे तिनं जपून ठेवले होते, चार वर्षांचे चार. एक उचलून मेणावर दाबला असता, तर हुबेहूब ठसा उठला असता. पण हात पुढे होईना. कुणाचं तरी तोंड चोरल्यासारखं वाटलं. शेवटी एका गृहस्थांनी कधीच न नेलेली कवळी तिनं खोक्यातून काढली, मेणावर दाबली आणि पुडकं पदराआड लपवून घर गाठलं. सासूबाईंना हल्ली बारीक दिसत नसे. त्या फक्त आकडा पाहणार होत्या.

सासूबाई आल्या. मोजली. "सहा," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांनी डोळे पुसले. मग इतक्या मोकळ्या हसल्या, की सुनेला स्वतःचा राग आला आणि त्यांचं हसू पाहून बरंही वाटलं.

मग घरात नुसता दंगा झाला. मुंगीनं आजोबांचं पुडकं लांबूनच ओळखलं. आजोबा दोन खोल्या फिरून सोफ्यावर कोसळले आणि बाबांनी त्यांचा उरलेला फेरा पूर्ण केला. आत्यानं खुर्च्यांवरून उड्या मारत फिरवलं. आजीनं बसल्या जागी मांडीवर फिरवलं. आईच्या पाठीवर बसल्यावर मुंगीनं तिच्या मानेला गच्च मिठी मारली. आईला तिच्या काळजाचे ठोके पाठीवर लागत होते, आणि ते तिला मोजायचे नव्हते.

एकच पुडकं उरलं.

मुंगीनं ते मांडीवर घेतलं. मेणावरून बोट फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आईला वाटलं, ही कवळी आहे असं पोर आता सांगणार.

"हे मी केलं," मुंगी म्हणाली.

सगळे एका सुरात म्हणाले, "गाणं!"

मुंगी गाऊ लागली. आईनं हसत हसत पुडकं उचललं आणि मेण उजेडाकडे धरलं.

कवळीचा ठसा नव्हता.

झिजलेल्या कडा होत्या. वरचा पुढचा उजवा दात किंचित आत वळलेला होता.

कागद तोच, तिनं गुंडाळलेला. दोरा तोच. आत ससा तोच, लहानमोठ्या कानांचा. मेण कोमट होतं. मुंगीच्या हातात होतं ना इतका वेळ, तिनं स्वतःला समजावलं. तिनं ते अलगद सोडवलं आणि काडेपेटीत ठेवलं. मग ती मुलीजवळ बसली आणि मोठ्यानं टाळ्या वाजवत तिच्या गाण्यात सामील झाली. इतक्या आनंदानं ती कित्येक महिन्यांत गायली नव्हती.

ऑपरेशन पाच तास चाललं. बाहेरच्या बाकावर नवरा नखं खात होता, सासरे त्याच त्या पाटीवरची अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत होते. तिनं काडेपेटी मुठीत धरली होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळं छान झालं. तेव्हा सगळ्यांत आधी रडायला लागली ती नणंद.

पावसाळा गेला, थंडी गेली. मुंगी जिना एका दमात चढू लागली, नंतर उतरताना कठड्यावरून घसरू लागली, आणि घरात तिच्यावर ओरडायचं नवं सुख आलं. दुधाचे दात पडले. नवे डोकावले. आईनं रोज सकाळी तिचं तोंड उघडून पाहायचा सपाटा लावला, तेव्हा मुंगी वैतागली.

सातव्या वाढदिवसाला टोपली नव्हती. त्या दिवशी मुलानं घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसासाठी आपली पहिली वस्तू करायची असते. मुंगीनं आजोबांसाठी चष्म्याचं घर शिवलं. निळा फ्रॉक तिला आता आखूड होत होता, तोच तिनं कापला. टाके वाकडेतिकडे पडले, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. उरलेल्या कापडाची नीट घडी घालून तिनं आपल्या पेटीत तळाशी ठेवली.

"ते कशाला गं?" आईनं विचारलं.

"लागेल मला," मुंगी म्हणाली.

मग तिनं मेणाची गोळी तळहातावर मळली, गाठीवर दाबली आणि डोळे मिटून चावली. आजोबांनी ठसा पाहिला, भुवया उंचावल्या, मुद्दाम तीन वेळा चुकीची नावं घेतली आणि तीन गाणी म्हटली. मग मुंगीला त्यांना पाठुंगळी घ्यायचं होतं. ते काही जमेना. शेवटी बाबांनी आजोबांना उचललं आणि मुंगी पुढे दिमाखात चालत राहिली.

आई त्या पुडक्यावरचं मेण घेऊन खिडकीशी गेली. नवा, टोकदार, करवतीसारख्या कडांचा दात उमटला होता. वरचा, पुढचा, उजवा. किंचित आत वळलेला. तिनं काडेपेटी उघडली आणि जुना ठसा शेजारी धरला. तोच दात, तेच वळण. फक्त एकावर अजून आयुष्य घासलं गेलं नव्हतं.

आतून सासऱ्यांचं खिदळणं आणि "सोड रे, पडेन" ऐकू येत होतं.  सत्तर वर्षं, निदान सत्तर, तिनं मनाशी म्हटलं, आणि दोन्ही ठसे मुठीत मिटले.

मुंगीचं मेण एव्हाना गार पडलं होतं. काडेपेटीतलं, वर्षभर बंद असलेलं, अजून कोमट होतं.