बालवर्गातला राज्याभिषेक

मावशींची पिशवी टेबलावर उपडी केली, तेव्हा तिच्यातून कंगवा, चष्मा आणि अर्धा बिस्किटांचा पुडा निघाला. अंगठी नव्हती.

“मग कुठे लपवलीत?” मुख्याध्यापिकांनी विचारलं.

बालवर्गाच्या मावशी कंगवा, चष्मा परत पिशवीत भरू लागल्या. एकोणीस वर्षं इथे मुलांची नाकं पुसली आणि आज हे ऐकायचं! एक वाजता शाळा सुटली, की राज्याभिषेकाच्या जुन्या वस्तू दाखवायला आलेला संग्रहालयाचा माणूस पोलिसांकडे जाणार होता आणि मावशींची नोकरी जाणार होती. तसं ठरूनच गेलं होतं.

वर्गाच्या बाईंना मात्र ते पटेना. त्यांनी समोरच्या गल्लीतून ताईंना बोलावून आणलं. ताई खासगी तपास करत. सोबत त्यांचे भावोजी होते. निवृत्तीनंतर ते ताईंना मदत करत, म्हणजे तसं सगळ्यांना सांगत.

संग्रहालयाच्या पेटीत मखमलीचे चार खळगे होते. मुकुट, राजदंड, सोन्याचा गोल जागेवर होते. चौथा खळगा रिकामा.

“आज राज्याभिषेक शिकवला,” बाई म्हणाल्या. “चिठ्ठी टाकून एका मुलीला राणी केलं. मुकुट म्हणजे मान, राजदंड म्हणजे न्याय, गोल म्हणजे सारं जग. अंगठी म्हणजे प्रजेला सांभाळायचं वचन, ती जन्मभर काढायची नाही, असं समजावलं. तिच्या दोन्ही तळहातांवर अभिषेकाचं तेल लावलं. अंगठी खरं तर उजव्या हातात घालतात, पण तिने डावा हात पुढे केला. म्हटलं, असू दे.”

“अंगठी तुम्ही हाताळलीत?”

“छे हो! वस्तूंना बोटही लावायचं नाही, अशी यांची सक्त ताकीद.”

संग्रहालयाच्या माणसाने हातातले पांढरे मोजे सारखे केले. “दोनशे वर्षांची अंगठी आहे. वस्तू फक्त मीच हाताळतो. मुलांना मात्र मी हात लावत नाही, तसा नियमच आहे. अंगठीही मी नुसती धरली, तिने बोट आत सरकवलं. राजदंड आणि गोल तिने माझ्याकडे दिले. मुकुटासाठी मान खाली घातली, मी तो अलगद उचलला. तेवढ्यात घंटा झाली, मुलं डबे घेऊन पळाली. मीही जरा बाहेर गेलो. येऊन यादी तपासतो, तर अंगठी नाही! खोलीत या मावशी एकट्या.”

“मुलांकडे पाहिलंत?”

“दप्तरं पाहिली, खिसे पाहिले,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “अंगठी कोणी घेतली, म्हणून प्रत्येकाला विचारलं. सगळी नाही म्हणाली.”

ताई मावशींकडे वळल्या.

“मी टेबल पुसलं, मग राणीचे तेलकट हात पुसायला गेले,” मावशी म्हणाल्या. “तिने एकच हात दिला. दुसऱ्याला तेल नाही म्हणाली. डबाही मलाच उघडायला लावला. एरवी कुणाला हात लावू देईल तर शपथ!”

भिंतीवर मुलांची चित्रं होती. राणीने काल काढलेली होडी सुबक होती. आज डब्यानंतर काढलेला मुकुट पार वेडावाकडा होता.

“हा मुकुट की कोबी?” भावोजी पुटपुटले. “ताई, मला तर मोजेवाल्याचाच संशय येतो.”

“भावोजी, चोरी झालेलीच नाही,” ताई म्हणाल्या. “मुलगी डावरी आहे ना, बाई?”

“हो. पण...”

“अंगठी तिच्या बोटातून काढली कोणी?”

“यांनी,” बाई म्हणाल्या.

“बाईंनी,” तो माणूस त्याच क्षणी म्हणाला.

दोघांचे चेहरे पडले.

“तुम्ही वस्तूला हात लावायचा नाही, यांनी मुलाला. राजदंड, गोल मुलीने स्वतः परत केले, मुकुट यांनी डोक्यावरून उचलला. बोटातली अंगठी तेवढी दोघांच्या मध्ये राहून गेली. मोठ्या माणसाची अंगठी, सैल होणारच. म्हणून तिने मूठ मिटली. तेल दोन्ही हातांना होतं, तरी पुसायला एकच हात दिला. डबा एका हाताने उघडेना. चित्र उजव्या हाताने काढावं लागलं. तुम्ही खिसे पाहिलेत, मुठी नाही पाहिल्यात.”

बाईंनी मुलीला आणलं. ताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

“राणीसाहेब, मुठीत काय आहे?”

“वचन,” ती हळूच म्हणाली. “काढायचं नसतं.”

“अगं, मग विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?” मुख्याध्यापिकांचा आवाज चढला.

“मी घेतली नाही. मला दिली.”

ताईंनी मुख्याध्यापिकांना हातानेच थांबवलं. “बाळा, मावशी तुझ्याच प्रजेतल्या. ती अंगठी त्यांनी चोरली, असं सगळे म्हणतायत.”

मुलीने मावशींच्या रडवेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. क्षणभर ओठ घट्ट मिटले आणि मग मूठ उघडली. तळहातावर अंगठीचा लाल वळ उमटला होता.

“सुटलो बाई एकदाचे!” मुख्याध्यापिकांनी श्वास सोडला. “मावशी, मनावर घेऊ नका हं.”

“मोठ्या बाई, अंगठी मिळाली म्हणून मी चोर नाही,” मावशी म्हणाल्या. “नसती मिळाली तर?”

भावोजी खिडकीबाहेर बघू लागले.

“तर मी तुम्हाला चोरच म्हणत राहिले असते,” मुख्याध्यापिका शेवटी म्हणाल्या. “चुकलं माझं.”

“हे मुलांसमोर म्हणा. चोर म्हणालात, तेही त्यांच्यासमोरच.”

मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली. मग मुलांना वर्गात बसवून त्या त्यांच्या छोट्या खुर्च्यांसमोर उभ्या राहिल्या, आणि मावशी चोर नाहीत, चूक आपली होती, हे सगळं बोलल्या.