डुकरांनी ऐकलेली मुलाखत

सिंदेवाहीच्या एसटीत मी डोळे मिटून पुटपुटत होते, "माझी उणीव अशी, की..."

"...मी घाईत निष्कर्ष काढते," शेजारून आवाज आला.

डोळे उघडले. मांडीवर भोंग्याची बॅटरी घेऊन एक मुलगा बसला होता. ओठ गंभीर, डोळे मात्र हसणारे.

"तुले कसं मालूम?"

"साऱ्या शिवाराले मालूम आहे, उर्वशी मॅडम. दिवाळीपासून ऐकून राह्यलो."

भात संशोधन केंद्रात विद्यार्थी सहायकाची एकच जागा होती, आणि आज तिची मुलाखत. सरावासाठी मी उत्तरं रेकॉर्ड केली होती, आणि ते मेमरी कार्ड हरवलं होतं. म्हणजे हरवलं नव्हतं. रानडुकरं हाकलायला बाबांनी ते धानातल्या भोंग्यात घातलं होतं. मला खिडकीतून उडी मारावीशी वाटली.

"मी प्रणित. बांधापलीकडचं धान आमचं. बॅटरी चार्ज कराले चाललो," तो म्हणाला. "एक सांगू? 'माझे गुण' लागले का डुकरं येतेत. आरामात खातेत."

"काहीही."

"खरंच. पण शेवटी तू रेकॉर्डिंग बंद कराले विसरली. आईले सांगून राह्यली होती— पानं करपली का सारे फवारा मारतेत, कायनं करपली हे कोणी पाहून नाई राह्यलं, मले तेच पाह्याचं आहे. तिथी पळतेत."

"तेव्हाच तू टॉर्च मारत असशील."

त्याचे कान लाल झाले. "नाई... मी तं नुसता ऐकत बसतो."

मी खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर काही विशेष नव्हतं.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, संशोधन कशासाठी? पाठ केलेलं उत्तर जिभेवर आलं, आणि डोळ्यांपुढे निवांत चरणारी डुकरं. मग आईला सांगितलं होतं तेच सांगितलं. समोरच्या मॅडमनी चष्मा काढला. "पुढे बोला."

संध्याकाळी स्टँडवर प्रणित उभा होता. बॅटरी केव्हाच चार्ज झाली असणार.

"जागा?"

"भेटली. सोमवारपासून."

तो हसला, मग बॅटरीकडे पाहू लागला. "म्हणजे कार्ड वापस नेशील."

"माझंच आहे."

"हो... पण डुकरांले सवय झाली आहे." तो बॅटरीच्या वायरीशी चाळा करत राहिला. "मले पण."

एसटी आली. तो हलला नाही.

"एक प्रश्न राह्यला," तो म्हणाला. "पाच वर्षांनी तू कुठी असशील? कार्डातलं नको सांगू."

"माझी उणीव तुले मालूम आहे, घाईत निष्कर्ष काढते," मी म्हणाले. "बांधापलीकडं."