गिरधरमामाची मुंबई

"आधी भेळ!" बेबी ओरडली.

"आधी स्टुडिओ!" दोधू तिच्याहून मोठ्यानं ओरडला. "भेळ चौपाटीवर, आणि चौपाटीवर संध्याकाळीच जायचं असतं. मामानं सांगितलंय."

"मंग सकायले काय उपाशी ऱ्हावानं?"

"सकाळी इराण्याकडे मस्का-पाव! मग ट्राम, मग राणीची बाग, मग स्टुडिओ, मग..."

"ट्राममा बसाना आधी कुल्फी!"

कोरीट गावातल्या लोटन पाटलांच्या अंगणात, कडुनिंबाखालच्या बाजेवर, मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईची अशी वाटणी चालली होती. दोधू नंदुरबारच्या शाळेत इंग्रजी दुसरीत होता. बेबी त्याची धाकटी बहीण, दहा वर्षांची, पण जीभ विशीची. तिसरा नवलसिंग. तो दोधूच्या वर्गातला, मोलगीकडचा, डोंगरातला. त्याच्या घरी पावरी बोलत आणि यांच्या घरी अहिराणी. म्हणून तिघं एकत्र बसले की शाळेतली मराठी चाले, आणि बेबी मधूनच ती सोडून देई.

"राणीच्या बागेत वाघ खरंच पिंजऱ्यात असतो?" नवलसिंगनं विचारलं.

"मग काय मोकळा सोडतील?"

"आमच्याकडे मोकळाच असतो," तो गंभीरपणे म्हणाला, आणि बेबी हसून हसून बाजेवरून खाली पडली.

या सगळ्या मुंबईचा मालक होता गिरधरमामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मुंबईच्या एका सिनेमा कंपनीत तो सगळी व्यवस्था पाहायचा. त्याच्या कंपनीला बोलपटासाठी जंगलचा राजा हवा होता, आणि राजाला हव्या होत्या तापीच्या वाटेवरच्या घळी. म्हणून कॅमेरा, तंबू, ट्रंका, हिरो आणि डायरेक्टरसाहेब अशी सगळी वरात बैलगाड्यांतून कोरीटला येऊन उतरली होती. आज संध्याकाळी ती परत नंदुरबार स्टेशनावर जाणार होती आणि तिघं मुलंही तिच्याबरोबर मुंबईला निघणार होती. मामानं तसं कबूलच केलं होतं.

मामा बोलायला लागला की घरातली कामं थांबायची. "अरे, पडद्यावर राजवाडा दिसतो ना, त्याला मागची भिंतच नसते! राजा कोरीटला दार उघडतो आणि दादरला आत शिरतो! मात्र अंगावर कपडे तेच, पागोटं तेच. एक बटण जरी बदललं ना, तर डायरेक्टरसाहेब स्वतःचे केस उपटतात!" दोधूला हे सगळं पाठ होतं. मोठं झाल्यावर गिरधरमामा व्हायचं, हे त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

आणि म्हणूनच त्यानं मामाला टोपाचं सांगितलं होतं.

नवलसिंगच्या वडिलांकडे, करणसिंगकडे, होळीचा टोप होता. बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांचा, उंच. जंगलात गळून पडलेली पिसं त्यांच्या घरानं तीन पिढ्या वेचून तो वाढवला होता. होळीचं व्रत धरणाऱ्यानंच तो डोक्यावर घ्यायचा. एरवी तो घरात टांगलेला असे, आणि पोरंसोरंसुद्धा त्याला गमतीनं हात लावत नसत. हे ऐकून मामाचे डोळे लकाकले होते.

"नुसता फोटो घेणार! दगडावर ठेवायचा, फोटो काढायचा, परत द्यायचा. कुणाच्या डोक्याला लागणार नाही. आईची शपथ!"

त्या शपथेवर दोधूनं स्वतःचा शब्द दिला. नवलसिंग डोंगरात जाऊन वडिलांशी बोलला. करणसिंगनं टोप धोतरात बांधून दिला. आज दुपारी तो स्वतः न्यायला येणार होता.

काल शूटिंग झालं, पण मुलांना ते दिसलंच नाही. मामानं सकाळीच त्यांना बर्फ आणायला नंदुरबारला पिटाळलं होतं. बारदानात गुंडाळलेला बर्फ गावापर्यंत येईतो निम्मा वितळला, आणि शूटिंग तर पुरतं संपून गेलं. "टोप माझ्याकडे कुलपात आहे," मामा म्हणाला होता.

बेबी अजून कुल्फीवरच अडून बसली होती, तेवढ्यात मामा धावत अंगणात आला.

"चोरी झाली! दाजी, टोप चोरीला गेला!"

लोटन पाटील ओसरीवरून उठले. ते गावचे पोलीस पाटील. "कोन उनं व्हतं तठे?"

"आणखी कोण येणार? सामान उचलायला डोंगरातले दोन मजूर ठेवले होते. त्यांच्याशिवाय तंबूत कुणी शिरलेलं नाही!"

थोड्याच वेळात दोन्ही मजूर चावडीवर आणून बसवले गेले. एक म्हातारा, एक तरणा. नवलसिंग त्यांच्याकडे पाहत राहिला.

"बाबांना मी काय सांगू?" त्यानं एकदाच विचारलं. मग तो निंबाच्या पलीकडे जाऊन पाठ करून बसला. दोधू त्याच्याजवळ गेला तर त्यानं मान वळवली. दोन वर्षं एका बाकावर बसणारा मित्र, आणि आता त्याच्याशी बोलायला दोधूला शब्द सापडेना. शब्द तर त्याचाच गेला होता!

"दादा!" बेबी तंबूंकडून पळत आली. "तो डायरेक्टर दख ना! खुशाल आंबा चोखी ऱ्हायना!"

"मग चोखू दे की!"

"आनि त्या हिरोना कपायले पट्टी शे. मेकपवाला सांगे, बांबू टोचना!"

दोधू ताडकन उभा राहिला.

हिरोच्या कपाळाला बांबू? म्हणजे टोप डोक्यावर चढला होता! आईची शपथ घेऊन चढवला होता! आणि चढवला असेल तर राजाचा अर्धा प्रसंग इथे झाला, उरलेला दादरला व्हायचा. टोप तोच पाहिजे. तो जर खरंच चोरीला गेला असता, तर डायरेक्टरसाहेबांनी एव्हाना डोक्यावर केस ठेवले नसते. आणि ते तर आंबा चोखत होते!

तरी त्याला वाटलं, आपलं चुकत असेल. मामा असं कसं करेल? तो मामाला गाठायला गेला. मामा गाडीवर दोर आवळत होता.

"मामा, साहेब खूप चिडलेत का?"

"चिडलेत? अरे, आग झालेत आग! सकाळपासून पाण्याचा घोट नाही. त्यांच्या तंबूकडे फिरकूसुद्धा नका, फाडून खातील!"

दोधू नुसता बघत राहिला. मामाचा चेहरा तोच, हसराच. असंच हसत त्यानं कुल्फीचं सांगितलं होतं, ट्रामचं सांगितलं होतं.

"मामा, टोप ट्रंकेत आहे ना?"

मामाचा हात थांबला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ दोध्या, तुला मुंबईला यायचंय ना? मग गप्प बसायला शीक. स्टुडिओ बघ, चौपाटी बघ, मजा कर! डोंगरातल्या माणसाला काय, तो दुसरा बांधेल."

दोधूचे कान तापले. रडू येत होतं, आणि त्याहून जास्त चीड येत होती. तो तडक वडिलांकडे गेला, पण तिथेही डाळ शिजली नाही.

"मन्हा सालावर आळ?" पाटील डाफरले. "पाव्हना शे तो घरना! पुरावा शे का तुन्हाकडे? नही ना? मंग तोंड सांभाय!"

"पुरावा आणला तर?"

"आन, मंग दखू!"

निंबापलीकडून नवलसिंगनं हे ऐकलं होतं. तो उठला. "मी काय करू, ते सांग," तो म्हणाला.

मग तिघांची डोकी एकत्र आली.

डायरेक्टरसाहेबांचं ताट रोज मामाच नेत असे, दुसऱ्या कुणाला आत जाऊ देत नसे. आज आईनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या आणि पातेलंभर आमरस. मामा ताट उचलणार, इतक्यात बेबी धापा टाकत आत शिरली.

"मामा! मामा! हिरोसाहेब विहिरीवर लई चिडी ऱ्हायनात! त्यास्ले आंघोयले गरम पानी पाहिजे!"

"मे महिन्यात गरम पाणी?"

"बांबू टोचना ना! शेकाले पाहिजे म्हने! तुमनं नाव ली ऱ्हायनात!"

मामा डायरेक्टरला घाबरायचा त्याच्या दुप्पट हिरोला घाबरायचा. त्यानं ताट तिथेच ठेवलं, चुलीवरचा हंडा उचलला आणि तो तसाच पळाला. हिरो बिचारा गाडीखाली घोरत पडला होता!

दोधूनं ताट घेतलं. नवलसिंगनं रसाचं पातेलं घेतलं. बेबी वडिलांचा हात धरून ओढत सुटली. "बाबा, चाला ना! पुरावा दखाले चाला ना!"

डायरेक्टरसाहेब जाडेजुडे आणि हौशी होते. पुरणपोळी पाहून त्यांनी बाह्या सरसावल्या. "अरे वा! गिरधर कुठे आहे?"

"विहिरीवर." दोधूनं रस वाढला. "साहेब, टोप चोरीला गेला, आता राजाचा बाकीचा प्रसंग कसा करणार?"

"चोरीला?" साहेबांचा घास हातातच राहिला. "कोणता टोप? मोरपिसांचा? अरे भाई, तो तर माझ्या ट्रंकेत आहे! गिरधरनं विकत घेतला ना मालकाकडून!"

तंबूच्या दारात लोटन पाटील उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तो विकायचा नसतो," नवलसिंग म्हणाला. "माझ्या बाबांचा आहे."

साहेबांनी स्वतः ट्रंक उघडली. धोतर सोडलं. निळी-हिरवी पिसं बाहेर आली. वरची काही दुमडली होती. आणि नेमका तेव्हाच, हातात वाफाळता हंडा घेऊन, गिरधरमामा आत आला!

"गिरधर, तू तर म्हणालास की..." साहेब लाल झाले होते. पुढचं ते जे बोलले ते हिंदीत होतं, आणि पाटलांनी बेबीचे कान झाकले.

मामानं आधी हसून पाहिलं. मग त्याची मुंबईची मराठी कुठल्याकुठे पळाली. "नही हो दाजी... मन्हा मनमा तसं काही नव्हतं... मी पुढला साले परत आनी देनार व्हतू..."

पाटील चावडीवर गेले. सगळ्या गावासमोर त्यांनी त्या दोन मजुरांना हात जोडले, आणि त्यांना स्वतःच्या ओसरीवर बसवून जेवू घातलं. दुपारी करणसिंग आला. त्यानं टोप दोन्ही हातांत घेतला, कामट्यांपाशी नाक नेलं. तिथे हिरोच्या केसांच्या तेलाचा वास होता.

दोधू पुढे झाला. पळून जावं असं त्याला फार वाटत होतं. "काका, शब्द मी दिला होता. कुणी डोक्यावर घेणार नाही म्हणून. पण घेतला. चूक माझी आहे."

नवलसिंगनं ते पावरीत सांगितलं. करणसिंग बोलला ते नवलसिंगनं मराठीत आणलं. "बाबा म्हणतात, असा हा टोप आता होळीला चालणार नाही. सगळा सोडायचा, एकेक पीस धुवायचं, नव्यानं बांधायचा. फार दिवस लागतील. आणि..." नवलसिंग थांबला. सकाळपासून पहिल्यांदा तो हसला. "आणि म्हणतात, बांधायला तू ये. सुट्टी आहेच तुला."

"मी बी येसू!" बेबी ओरडली.

"मी गावना पोलीस पाटील," लोटन पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पन तपास कया ह्या पोरेसनी! आनि मी नको त्यास्ले चावडीवर बसाडं. शाब्बास रे मन्हा वाघ!" त्यांनी दोधूच्या आणि नवलसिंगच्या पाठीवर एकदमच थाप मारली. डायरेक्टरसाहेबांनीही दुमडलेल्या पिसांबद्दल करणसिंगची माफी मागितली. राजा आता दादरला बोडक्यानंच आत शिरणार होता.

सगळे कौतुक करत होते, आणि दोधूला ते गोड लागत नव्हतं. तो घरात गेला. आई, जसोदाबाई, चुलीपाशी बसून पुरणपोळ्या फडक्यात बांधत होती. तिचे डोळे सुजले होते.

"ही त्याला? कशाला?" दोधू भडकला. "त्यानं तुझ्या आईची, माझ्या आजीची शपथ घेतली होती!"

"भाऊ शे मन्हा. त्याले उपाशी कशी धाडू?" आईनं गाठ मारली. "पन आते त्याना बोलवर मी इस्वास ठेवाव नही. जाय, दी ये."

गाड्या जुंपल्या होत्या. मामा शेवटच्या गाडीत सामानावर एकटाच बसला होता. शिदोरी पाहून त्याचा चेहरा उजळला.

"राग गेला ना रे दोध्या? दिवाळीत नक्की नेतो तुला! आधी स्टुडिओ, मग चौपाटी. अरे, तिथली ती भेळ..."

आवाज इतका गोड होता की घटकाभर दोधूला ते सगळं पुन्हा खरं वाटलं. तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. त्यानं शिदोरी मामाच्या मांडीवर ठेवली.

"मामा, तुम्ही येत जा. मायले बरं वाटस. पन माले काही सांगत जाऊ नका."

गाडी हलली. मामानं हात वर केला होता, पण तो हलवायचं त्याच्यानं झालं नाही.