रामहरीचं वातावरण

"माझ्या मशीनवर तर चालतंय, मॅडम!" हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. २०१९चा मे, मुकुंदवाडीतलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, नळाला आठ दिवसांनी पाणी आणि एकाच प्रोग्रामचे प्रत्येक मशीनवर वेगळे निकाल. नीट चालायचं ते फक्त रामहरीकडं. शेवटी त्याच्याच मशीनची सगळी मांडणी मी एका फाइलीत उतरवली आणि ती शालूच्या, हिमांशूच्या आणि माझ्या मशीनवर लावली. एका जागी बदल केला की सगळीकडं बदल. मशीनच्या अशा मांडणीला आमच्या धंद्यात वातावरण म्हणतात. "आता सगळ्यांचं वातावरण एक," मी ऐटीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रामहरी रजेवर, लासूर स्टेशनकडच्या गावी. टँकर येईना म्हणून विहिरीतला गाळ काढायला उतरणार होता. मी फोन केला.

"वर दोराजवळ कोण आहे?"

"आई हाय की."

"एकटी? अरे, अक्कल आहे का तुला?"

त्यानं हसून फोन ठेवला. साठ फूट विहीर! माझं कामात लक्ष लागेना.

अकराच्या सुमारास शालूनं तळहात दाखवले. दोन्हींवर तिरका लाल वळ. "धुणं बडवून आलीस का?" मी म्हटलं. मग हिमांशूनं हात पुढं केले. तसाच वळ. मग माझेही हात भाजायला लागले. खोलीत ओल्या गाळाचा वास येत होता.

"फाइल लावल्यापासनं होतंय हे, मॅडम. काढून टाका यार," हिमांशू म्हणाला.

मी त्याला वेड्यात काढलं. तेवढ्यात आम्ही तिघंही एकदम पुढं ओढले गेलो, टेबलावर छाती आपटली. घाबरले मी, सरळ सांगते. फाइल काढायचा हुकूम कॉम्प्युटरवर सोडला. तो एकामागून एक, एकेका मशीनवर लागू होणार होता.

फोन वाजला. नंबर रामहरीचा, आवाज त्याच्या आईचा, कस्तुराबाईंचा.

"बाई, खांबाचा दोर सुटला वो! लेकरू आत लटकून हाय. पन दोर पडंना, ताठ हाय. कोन धरलाय, दिसंना!"

"थांबव ते!" मी हिमांशूवर ओरडले. तो बटणं दाबत सुटला. काही थांबेना.

"गेलं," शालू म्हणाली. तिचे तळवे स्वच्छ होते.

मग हिमांशूचे.

मी मुठी आवळल्या. काथ्या टोचत होता. वजन होतं, माणसाचं.

"लोकं पळत यायलीत," कस्तुराबाई म्हणाल्या. "तवर धरा, बाई. लई उपकार व्हतील, धरा..."

फोनमधून दोर सरसरत खाली गेल्याचा आवाज आला.

माझ्या हातांची आग थांबली होती. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.